बांधाखालचं पाणी निवळ की गढूळ?

एप्रिलच्या शेवटी कुळागराच्या, म्हणजे पोफळींच्या बागेच्या, डोक्यावर घातलेल्या मातीच्या बांधाच्या कोरड्या बाजूला जाऊन उभं राहा. डोंगरावरचं गवत वाळून पिवळं पडलेलं असतं, पायाखाली पाचोळा चुरचुरतो, आणि बांधाच्या उतारावर खालच्या अंगाला एक पट्टा मात्र हिरवागार असतो. मालक तो कौतुकाने दाखवतो. "भर उन्हाळ्यात इथं गवत मिळतं," म्हणतो. गाय तिथंच बांधलेली असते.

बांधाने अडवलेल्या तळीतलं पाणी भरावातून झिरपत इथवर आलं आहे, एवढं तो पट्टा सांगतो. त्यात घाबरण्यासारखं अजून काही नाही. मातीचा बांध झिरपतोच. अजिबात न झिरपणारा मी तरी पाहिलेला नाही. बघायचं ते हे, की बाहेर येणारं पाणी रिकाम्या हाताने येतं की माती घेऊन येतं. काचेच्या पेल्यात धरा, अर्धा तास तसंच ठेवा. पेला निवळ राहिला तर ठीक. तळाशी मातीचा थर बसला, तर बांध आतून पोकळ व्हायला लागला आहे. पुढे जे सांगणार आहे ते बहुतेक या पेल्यातल्या मातीबद्दलच आहे.

गोव्यात बांध म्हटलं की दोन चित्रं डोळ्यांपुढे येतात. एक खाजनाचा बांध, चिखल-पेंढा-चिऱ्यांचा, खाडीचं खारं पाणी शेताबाहेर ठेवणारा. त्याच्या मानशीची, म्हणजे पाणी आतबाहेर करायच्या वाटेची, दारं भरती-ओहोटीबरोबर आपोआप उघडमीट करतात आणि त्याची राखण पिढ्यान्‌पिढ्या गावाने केली. दुसरा, पाऊस ओसरल्यावर व्हाळाला (ओढ्याला) आडवा घालायचा हंगामी बांध. तो पहिल्या मोठ्या पुरात जातो, जाणार हे घालतानाच ठाऊक असतं, आणि पुढच्या वर्षी परत घालतात. सत्तरी, डिचोली, सांगे, काणकोण या भागांत आता तिसरा प्रकार दिसतो: घळीत जेसीबी लावून कायमचा घातलेला, चार-पाच मीटर उंचीचा खाजगी भराव. मालक एकटा, आणि नजर मात्र जुन्या दोन बांधांची. "गेला तर परत घालू" हा हिशेब इथं चालत नाही. साठ मीटर लांब, चाळीस मीटर रुंद आणि सरासरी दोन मीटर खोल तळीत ४८ लाख लिटर पाणी असतं. दहा हजार लिटरचे ४८० टँकर. बांध फुटला तर हे सगळं काही मिनिटांत खालच्या पोफळींवर आणि त्याच्याही खालच्या घरांवर येतं.

सरकारी देखरेख असेलच, असं धरून चालू नका. २०२१ चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरहून उंच धरणांना लागू होतो; १० ते १५ मीटरमधल्या धरणांना काही अटी पुऱ्या झाल्या तरच, उदाहरणार्थ साठा दहा लाख घनमीटरचा असेल किंवा माथा पाचशे मीटर लांब असेल तर. कुळागरातली तळी त्याच्या आसपासही जात नाही. म्हणजे तपासायला कुणी येणार नाही, पण नुकसान झालं तर जबाबदारी कुणाची हा प्रश्न येणारच. त्याचं उत्तर जुनं आहे. इंग्लंडमध्ये एका गिरणीमालकाने स्वतःच्या जमिनीत पाण्याचा साठा केला, खाली जुन्या खाणीची बुजलेली तोंडं होती, पाणी त्यातून शेजाऱ्याच्या खाणीत शिरलं. मालकाने स्वतः काही निष्काळजीपणा केला नव्हता, तरी १८६८ मध्ये न्यायालयाने भरपाई त्याच्याच माथी मारली: धोक्याची गोष्ट स्वतःच्या जमिनीत आणून ठेवलीत, ती सुटली तर भरून द्या. भारतीय न्यायालयांनीही हे तत्त्व उचललं. डिचोलीच्या खाणपट्ट्यात तळी बांधणाऱ्याने तर ते दोनदा वाचावं.

माथ्यावरून एकदाही नाही

मातीची धरणं फुटतात त्यातली साधारण निम्मी माथ्यावरून पाणी गेल्यामुळे. दगडी बंधाऱ्यावरून पाणी पडलं तर लोक अंघोळीला जातात. मातीच्या बांधावरून पडलं तर ते कोरड्या उताराची माती कापत जातं, माथा खालून खचतो, आणि खचलेल्या जागी आणखी पाणी ओढलं जातं. एकदा सुरू झालं की थांबवता येत नाही.

म्हणून सांडवा, जास्तीच्या पाण्याला ठरवून दिलेली वाट. साळावली धरणावर गेलेल्या प्रत्येकाने तो पाहिलेला आहे, फक्त त्याला सांडवा म्हटलेलं नसतं. ज्या गोल घेऱ्यात पाणी चहूबाजूंनी कोसळतं आणि ज्याच्यापुढे सगळे फोटो काढतात, तोच त्या मातीच्या धरणाचा सांडवा. त्याला दरवाजे नाहीत. पाणी ठरलेल्या पातळीला पोचलं की आपलं आपण पडतं; मध्यरात्री कुणाला उठून चाक फिरवावं लागत नाही. लहान बांधालाही हाच नियम लावावा. ज्या सांडव्याला माणूस लागतो, तो सांडवा धरू नये.

किती रुंद असावा? वर दहा हेक्टरची घळ आहे असं धरा. डोंगरात ही फार मोठी नव्हे. गोव्यात वर्षाला तीनेक हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला नव्वद टक्क्यांच्या आसपास जून ते सप्टेंबरमध्येच, त्यामुळे जुलैत जमीन आधीच चिंब असते आणि पडेल त्यातलं बहुतेक पाणी वाहतं. तासात ७० मिलिमीटर पडला, तर सात हजार घनमीटर पाणी. त्यातलं पाऊण वाहिलं तरी पाच हजारांच्या वर. म्हणजे आपली अख्खी तळी एका तासात पुन्हा भरेल इतकं, सेकंदाला जवळपास दीड हजार लिटर. सांडव्यावरून एक फूट जाडीचा प्रवाह जाऊ द्यायचा म्हटलं, तर रुंदी साडेपाच मीटर लागते.

आता प्रत्यक्षात काय असतं ते बघा. बहुतेक ठिकाणी "जास्तीचं पाणी जायला" म्हणून एक फूट व्यासाचा नळ घातलेला असतो. पाऊण मीटर पाण्याचा दाब असला तरी त्यातून सेकंदाला दीडशे-पावणेदोनशे लिटर जातं. असे नऊ-दहा नळ लागतील, तेही एकात ओंडका किंवा पाचोळा अडकला नाही तर. अडकतोच. त्यात काही मालक सांडव्याच्या तोंडाशी चिरे रचतात, शिवाय मासे जाऊ नयेत म्हणून जाळी लावतात. डिसेंबरला फूटभर जास्त पाणी मिळतं म्हणून खूष असतात. ते फूटभर पाणी पुराच्या वाट्याचं असतं. सांडवा खणलेल्या कठीण जमिनीत, बांधाच्या बाजूला असावा, भरावावर नव्हे. आणि त्यातून पडलेलं पाणी बांधाच्या पायथ्याला चाटून जाऊ नये. पुराचं पाणी सांडव्यातून पूर्ण भरून जात असतानाही माथा त्याच्यावर निदान अर्धा मीटर उरला पाहिजे. २३ जुलै २०२१ ला म्हादईचं पाणी सत्तरीत घराघरांत शिरलं, तसा दिवस डोळ्यांपुढे ठेवून मोजमाप करा. नेहमीच्या पावसाला कुठलाही सांडवा पुरतो.

माथ्याचं एक बारीक काम दरवर्षी करायचं. भराव बसतो, आणि जिथं सगळ्यात उंच असतो तिथं, म्हणजे मधोमध, सगळ्यात जास्त बसतो. माथा नजरेला सरळ दिसतो पण मध्ये वीतभर खाली गेलेला असतो. गवंड्याकडची पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन दोघांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत पातळी तपासावी. खोलगट जागा निघाली तर माती टाकून, ओलावून, ठोकून भरावी.

रोयण, कुर्ल्यो आणि मुळं

उरलेली बहुतेक धरणं आतून धुपून जातात, आणि ही धूप उलटी चालते हे समजलं की बरंच काही समजतं. पाणी जिथं बाहेर पडतं तिथं मातीच्या कणाला धरून ठेवायला समोर काही नसतं. पहिला कण सुटतो, मग त्याच्या मागचा, मग त्याच्याही मागचा. असं करत बीळ कोरड्या बाजूकडून तळीकडे सरकतं. महिनोन्‌महिने लागतात, कधी वर्षं. पण बीळ पाण्याला जाऊन भिडलं की मग तास उरतात. अशी आतून फुटलेली धरणं पाहिली, तर त्यातली दोन तृतीयांश पहिल्यांदा भरताना किंवा पहिल्या पाच वर्षांतच गेली. दहा वर्षं टिकला म्हणून निश्चिंत होऊ नये हे खरं, पण नव्या बांधाजवळ पहिल्या पावसाळ्यात तरी झोप सावध असावी.

२ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूणजवळचं तिवरे धरण फुटलं, वीसहून अधिक माणसं गेली. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. नंतर तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांना दोष दिला आणि सगळ्या महाराष्ट्राने ते हसण्यावारी नेलं. हसणं योग्यच होतं, पण खेकडा बांध पोखरतो हे आपल्या खाजनवाल्यांना सांगायला नको. कुर्ल्यांची बिळं बुजवणं हे त्यांचं नेहमीचं काम. फक्त कुर्ली एका रात्रीत धरण पाडत नाही. तिचं बीळ दिसतं, त्यातून पाणी दिसतं, आणि ते बघायला कुणी फिरकत नाही, तेव्हा धरण पडतं. घूस आणि साळिंदर त्याहून मोठी बिळं करतात. बीळ नुसतं तोंडाशी दगड ठोकून बुजवू नये. शेवटपर्यंत खणावं, घट्ट माती लागेपर्यंत, आणि ओलसर चिकण माती वीतभराहून पातळ थरांनी ठोकत भरावी.

रोयणीचं प्रकरण नाजूक आहे. वाळवीचं वारूळ वर दिसतं तेवढंच नसतं, खाली पोकळ्यांचं जाळं असतं, आणि भरलेल्या पाण्याची पातळी त्या जाळ्याला लागली की तयार बोगदाच मिळतो. पण गोव्यात रोयण म्हणजे सातेरी. अनेक गावांत देवळाच्या गाभाऱ्यात रोयणच पुजली जाते. बांधावर रोयण उगवली की घरातलं मोठं माणूस हळद-कुंकू वाहतं आणि कुदळ उचलायची कुणाची छाती होत नाही. श्रद्धेला हसून हा प्रश्न सुटत नाही. माझ्या ओळखीच्या एका बागायतदाराने गावच्या गुरवाला बोलावलं, गाऱ्हाणं घातलं, देवीकडे जागा बदलून मागितली आणि मग मे महिन्यात रोयण मुळासकट काढून खड्डा ठोकून भरला. मला ही रीत पटली. बांधाखालच्या घरांचीही देवी तीच आहे.

झाडांबद्दल आपला समज उलटा आहे. मुळं माती धरतात हे डोंगरउतारावर खरं, बांधावर अर्धवट. माड, काजू, सागवान भरावावर लावले की मुळं ओलाव्याच्या मागे थेट पाण्यापर्यंत जातात. झाड जिवंत आहे तोवर फारसं बिघडत नाही. ते मेलं की मूळ कुजतं आणि त्या जागी नळी राहते. वादळात उन्मळलं तर भरावाचा लचका घेऊनच पडतं. रोपं असतानाच उपटावीत. मोठं झालेलं झाड स्वतःच्या मनाने तोडून खोड तसंच ठेवणं सगळ्यात वाईट; आधी १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखालची वनखात्याची परवानगी बघा, एखाद्या जाणत्या इंजिनिअरला दाखवा, आणि तळी रिकामी असताना मुळासकट काढून जागा भरा. बांधावर गवतच हवं. कोरड्या उतारावर वाळा लावला तर उत्तम, त्याची मुळं सरळ खाली जातात आणि बारीक असतात. पण मिरगाआधी सगळं गवत कापून घ्या, नाहीतर झिरपणारं पाणी दिसणारच नाही.

आपल्या मातीची एक खोड इथं सांगायला हवी. वरचा जांभा सच्छिद्र, त्यातून पाणी सहज जातं; म्हणून भराव डोंगराला जिथं टेकतो ती दोन्ही टोकं सगळ्यात आधी तपासावीत. जांभ्याच्या खाली पांढरट-गुलाबी मऊ माती लागते, हाताला साबणासारखी. ती चिकण माती समजून लोक बांधाच्या पोटात घालतात. कोरडी असताना ती छान कापली जाते, पण भिजली की ताकद सोडते आणि वाहत्या पाण्यात विरघळल्यासारखी निघून जाते. बाटलीत पाणी घेऊन तिचा खडा टाका. न हलवता पाणी दुधासारखं झालं, तर ती माती बांधात नको.

बांधातून जाणारा नळ हा स्वतंत्र रोग आहे. गोल नळाच्या पोटाखाली माती कधीच नीट ठोकली जात नाही, आणि पाणी नळाच्या आतून जाण्याआधी बाहेरून वाट शोधतं. १२ जुलै १९६१ ला पानशेत गेलं, तेव्हाही भराव आधी खचला तो पाणी सोडायच्या मोरीवरच. नळ घालायचाच असेल तर झडप पाण्याच्या बाजूला असावी, म्हणजे एरवी नळ रिकामा राहतो, आणि कोरड्या बाजूच्या टोकाला नळाभोवती जाड रेतीचा वेढा असावा. त्याहून बरं, बांध फोडूच नका. चार-पाच मीटरच्या बांधावरून सायफन व्यवस्थित चालतो: माथ्यावरून नेलेला नळ, दोन्ही टोकांना झडपा, वर पाणी भरायचं तोंड. नळ फुटला तर बदलता येतो, बांधाला कळतही नाही.

वही आणि बालदी

घरात पुरमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, धावपळ चालू असते, लाकडं भरायची, मिरच्या वाळवायच्या, त्याच आठवड्यात बांधाचा एक दिवस काढावा. सांडवा साफ, गवत कापलेलं, माथ्याची पातळी, बिळं. पुढे दर मोठ्या पावसानंतर एक फेरी: जाताना माथ्यावरून, येताना पायथ्याने. चवथीच्या सुमारास तळी गच्च भरलेली असते, तेव्हा जरा सावकाश फिरा. माथ्याच्या लांबीने गेलेली भेग बहुधा उतार सरकत असल्याची खूण. आडवी, पाण्याकडून कोरड्या बाजूला जाणारी भेग जास्त वाईट, कारण ती पाण्याला वाट देते. कोरडा उतार पोटासारखा फुगलेला दिसला, पाण्यात भोवरा दिसला, माथ्यावर खड्डा पडला, तर फेरी संपवून चहाला बसू नका.

झिरपणाऱ्या पाण्याला पायथ्याशी एका चराने एकत्र आणा आणि पत्र्याच्या पन्हाळीतून पडू द्या. खाली दहा लिटरची बालदी ठेवा, मोबाईलवर वेळ लावा. पाऊस थांबून दोन-तीन दिवस झालेले असताना मोजा, आणि वहीत तीनच गोष्टी लिहा: तारीख, तळीची पातळी, बालदी भरायला लागलेले सेकंद. गेल्या वर्षी याच पातळीला चाळीस सेकंद लागले आणि यंदा पंचवीस, तर पाणी अजून निवळ असलं तरी कुणाला तरी बोलावण्याची वेळ आली आहे. लक्षात ठेवलेले आकडे उपयोगाचे नाहीत. आपली आठवण आपल्या सोयीने वागते.

गळती बंद करायला कोरड्या बाजूने सिमेंट थापणं ही चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की वेगळी सांगतो. पाणी थांबत नाही, फक्त आत अडतं, भराव फुगवतं आणि वाव मिळेल तिथून निघतं. शिवाय आत झालेली पोकळी सिमेंटखाली दिसत नाही. पाणी अडवायचं ते तळीच्या बाजूने. कोरड्या बाजूने फक्त माती अडवायची आणि पाण्याला जाऊ द्यायचं, चहाच्या गाळण्यासारखं.

गढूळ दिसलंच तर

क्रम असा ठेवा. आधी खालच्या घरांना फोन, रात्र असली तरी, मग ११२. बांधाचं काय होतंय हे बघून मग सांगू, असं म्हणत थांबू नका. त्यानंतर पाणी उतरवायला लागा: झडप, सायफन, पंप, जे असेल ते. एरवी तळी दिवसाला फूटभराहून वेगाने उतरवू नये, कारण पाण्याचा टेकू अचानक गेला की आतला भिजलेला उतार घसरतो. पण गढूळ पाणी जोराने येत असेल तर तो धोका पत्करावा लागतो. माथा खणून पाण्याला वाट करून द्यायचा मोह कुणालाही होऊ देऊ नका.

माणसं धोक्यात न घालता करता येत असेल, तर जिथून गढूळ पाणी येतं तिथं आधी जाड रेती, वर बारीक खडी, त्यावर मोठे दगड अशी रास घाला. जोर इतका असेल की रेतीच उडते, तर आधी दगडांनी जोर मोडा आणि मग त्यावर हीच रास रचा. पाणी येतच राहील, यायला हवं. ते निवळ होतंय का एवढंच बघायचं. या सगळ्यासाठी एक गाडी रेती आणि एक गाडी खडी बांधाच्या पायथ्याजवळ, ताडपत्रीखाली, मे महिन्यातच येऊन पडलेली हवी. जुलैत त्या चिखलाच्या वाटेने ट्रक वर चढत नाही.